उन्हात फोन तापला की बॅटरी का पळते? प्रोसेसर, उष्णता आणि विजेचा हिशोब

एप्रिल-मे महिन्यात दुपारी बारा-एकच्या सुमारास शेतात उभं राहून ई-पीक पाहणी करायला गेलं की अनेकांना एकच अनुभव येतो. अ‍ॅप उघडतं, लोकेशन घेतं, फोटो काढायची वेळ आली की कॅमेरा अडकतो. फोन हातात धरवत नाही इतका गरम. स्क्रीन आपोआप अंधूक होते, काही फोनवर तर तापमान वाढल्याची सूचना येऊन सगळंच बंद पडतं. घरून निघताना साठ टक्के असलेली बॅटरी बांधावर पोचून अर्धा तास झाला नाही तोच पस्तीसवर. मग कुणी म्हणतं फोनात व्हायरस आहे, कुणी म्हणतं बॅटरी गेली, दुकानदार म्हणतो नवीन घ्या.

पाहणीचा फोटो घरी बसून काढता येत नाही, शेतातच उभं राहावं लागतं. नोंद राहिली तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही, आणि पुढं विमा असो, नुकसानीचं अनुदान असो की हमीभाव केंद्रावरची खरेदी असो, तिथं अडचण येते. म्हणून फोन का तापतो आणि तापला की वीज जास्त का खातो, हे एकदा नीट समजून घेतलेलं बरं. (या लेखात सगळे अंश सेल्सिअसमध्ये आहेत.)

वीज जाते कुठं?

फोन असो, सेवा केंद्रातला संगणक असो, त्याच्या आत प्रोसेसर नावाची सिलिकॉनची चिप असते. नखाएवढ्या त्या तुकड्यावर ट्रान्झिस्टर नावाचे बारीक स्विच असतात. चांगल्या फोनच्या चिपवर आता त्यांची संख्या 1000 कोटींच्या पुढं गेली आहे. हे स्विच सेकंदाला कोट्यवधी वेळा चालू-बंद होतात, आणि त्यातूनच फोटो, आवाज, नकाशा, हिशोब असं सगळं तयार होतं.

या चिपमध्ये वीज दोन वाटांनी खर्च होते. पहिली वाट कामाची. प्रत्येक स्विच उघडताना-मिटताना विजेची एक बारीकशी टाकी भरते आणि रिकामी होते. ही टाकी किती वेळा भरायची ते प्रोसेसरच्या वेगावर ठरतं, आणि किती उंच भरायची ते व्होल्टेजवर. आता पाण्याचा हिशोब मनात धरा. उभ्या भिंतीची टाकी जास्त उंच भरायची म्हटलं तर पाणी जास्त लागतं, शिवाय ते पाणी चढवावंही जास्त उंच लागतं. म्हणजे खर्च दोन बाजूंनी वाढतो. प्रोसेसरमध्येही तसंच आहे. व्होल्टेज वाढलं की वीज त्याच्या वर्गाच्या पटीत वाढते. व्होल्टेज 10 टक्क्यांनी कमी केलं तर ही कामाची वीज 19 टक्क्यांनी घटते, आणि वेगही 10 टक्क्यांनी उतरवला तर एकूण 27 टक्के बचत होते. पुढं फोन स्वतःहून मंद होतो त्यामागं हेच गणित आहे.

दुसरी वाट गळतीची. कॉक पक्का बंद केला तरी आतला वायसर झिजलेला असला की नळी ठिबकत राहते, तसंच. स्विच बंद आहे, काम काही चालू नाही, तरी थोडी वीज त्यातून पाझरत राहते. एका स्विचची गळती मोजण्यात येणार नाही इतकी कमी असते. पण असे 1000 कोटी कॉक एका नळीवर असतील तर रात्रभरात शेत भिजणारच.

तापमानाचा खरा संबंध या गळतीशी आहे. कामाच्या विजेवर उष्णतेचा थेट परिणाम फारसा होत नाही. गळतीवर मात्र मोठा होतो.

गरम झालं की गळती का वाढते?

बंद स्विच म्हणजे विजेच्या वाटेवर घातलेला एक बांध. विजेचे कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, या बांधाच्या अलीकडं थोपवलेले असतात. उष्णता म्हणजे शेवटी कणांची हालचालच. चिप जितकी गरम तितके हे कण जास्त उसळतात, आणि बांध ओलांडून पलीकडं जाणाऱ्यांची संख्या वाढते. ती सरळ चढत नाही. सुरुवातीला सावकाश, मग भराभर वाढते. सिलिकॉन डायोडची उलटी गळती साधारण दर 10 अंशांना दुप्पट होते, असा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. प्रोसेसरची गळती इतक्या झपाट्यानं वाढत नाही, पण चढण्याची तऱ्हा तीच. वर, उष्णतेनं बांधाची उंचीही थोडी खचते, त्यामुळं दुहेरी मार बसतो.

यात एक चक्र तयार होतं आणि ते ध्यानात ठेवण्यासारखं आहे. प्रोसेसरला दिलेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णतेतच जाते, मग ती कामाला लागलेली असो की गळलेली. गळती वाढली की उष्णता वाढते, उष्णता वाढली की गळती आणखी वाढते. उष्णता बाहेर काढायची सोय चांगली असेल तर हे चक्र एका ठिकाणी येऊन थांबतं. सोय नसेल तर चढतच जातं.

तांब्याच्या तारांचाही थोडा वाटा आहे. तांब्याचा विरोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो, म्हणजे 50 अंशांच्या वाढीला जवळजवळ 20 टक्के. विहिरीवरच्या मोटारीची वायंडिंग तापल्यावर जे होतं तेच इथं केसाहून बारीक तारांमध्ये होतं. संदेश मंदावतो, आणि तोच वेग राखायचा तर कधी कधी व्होल्टेज वाढवून द्यावं लागतं. वाढीव व्होल्टेज म्हणजे पुन्हा वर्गाचा हिशोब. मात्र अगदी कमी व्होल्टेजवर चालणाऱ्या चिपमध्ये उलटंही दिसतं, थोडी गरम असताना स्विच जरा चपळ होतात. त्यामुळं गरम म्हणजे सरसकट मंद असं म्हणता येत नाही. गरम म्हणजे जास्त गळती, हे मात्र सगळीकडं लागू आहे.

मोठ्या कंपनीलाही हा हिशोब महागात गेला

हे निव्वळ पुस्तकी ज्ञान नाही. 1974 मध्ये आयबीएम कंपनीच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी सहकाऱ्यांबरोबर एक मांडणी केली होती. ट्रान्झिस्टर लहान करत जा, त्याच प्रमाणात व्होल्टेजही कमी करत जा, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त स्विच बसूनही उष्णता वाढणार नाही. तीसेक वर्षं संगणकाचा सगळा धंदा याच वाटेनं चालला. या मांडणीत गळतीला फारशी जागा नव्हती, कारण तेव्हा ती नगण्य होती.

स्विच बारीक होत गेले तसे बांधही पातळ आणि ठेंगणे झाले. 2004 च्या फेब्रुवारीत इंटेल कंपनीनं पेंटियम 4 ची नवी आवृत्ती आणली, तिचं आतलं नाव प्रेस्कॉट. स्विच आधीपेक्षा लहान, म्हणून वीज कमी लागेल अशी अपेक्षा होती. झालं उलटंच. गळती इतकी वाढली की ही चिप आधीच्या चिपपेक्षा जास्त तापू लागली. तिच्या वरच्या मॉडेलांसाठी 115 वॅटपर्यंतची उष्णता बाहेर काढण्याची तयारी ठेवावी लागत होती. त्याच वर्षी मे महिन्यात इंटेलनं पुढची तेजस नावाची चिप रद्द केली. नाव आपल्याकडचं, पण चिप बाजारात आलीच नाही. 4 गिगाहर्ट्झ वेगाच्या पेंटियमची घोषणाही वर्षअखेरीआधी मागं घेतली गेली.

त्यानंतर कंपन्यांनी एकच बैल पळवायचा नाद सोडला आणि दोन बैल बेताच्या चालीनं जुंपायला सुरुवात केली. फोनच्या जाहिरातीत ड्युअल कोर, ऑक्टा कोर असे शब्द येतात ते या वाटेनं. 2006 सालचा कोर 2 ड्युओ 65 वॅटच्या बेतात आला आणि काम जास्त करू लागला. गळतीवरही उपाय निघाले. 2007 मध्ये स्विचच्या आतल्या पातळ पडद्यासाठी नवं द्रव्य वापरलं गेलं, 2012 मध्ये सपाट स्विचच्या जागी उभ्या पात्यासारखे स्विच आले. पात्याला तिन्ही बाजूंनी पकडता येतं, त्यामुळं बंद असताना ते जास्त घट्ट बंद राहतं. आजच्या फोनमध्ये हेच पात्याचे स्विच किंवा त्याची सुधारलेली रूपं असतात. गळती कमी झाली. संपली नाही, आणि तापमानाबरोबर वाढण्याचा तिचा स्वभावही तसाच राहिला.

उन्हातला फोन

संगणकाला पंखा असतो, फोनला नसतो. फोनची उष्णता त्याच्या पाठीतून आणि काचेतूनच बाहेर पडते, तीही भोवतालची हवा फोनपेक्षा गार असेल तर. साधारण फोन सावलीत सतत 3 ते 5 वॅट एवढी उष्णता बाहेर टाकू शकतो.

आता उन्हाचा हिशोब करा. स्वच्छ आभाळ असताना भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे 1000 वॅट ऊन पडतं. फोनची लांबी 16 सेंटिमीटर, रुंदी साडेसात धरली तर त्याच्यावर 12 वॅट पडतात. सगळं शोषलं जात नाही, पण काळी काच आणि काळं कव्हर असेल तर बरंचसं आत जातं. म्हणजे फोन स्वतः काही करण्याआधीच त्याच्या ताकदीपेक्षा जास्त उष्णता त्याच्यावर येऊन बसलेली असते. त्यात विदर्भ-खानदेशात हवाच 43-45 अंश असते, मग फोननं उष्णता टाकायची कुठं? आयफोन बनवणारी अ‍ॅपल कंपनी आपले फोन 0 ते 35 अंश हवेत वापरा असं सांगते. चंद्रपूर, अकोला, जळगावच्या मे महिन्यात ही मर्यादा सकाळी न्याहारीच्या वेळेलाच ओलांडली जाते.

शेतातल्या ई-पीक पाहणीच्या वेळी तर सगळ्याच गोष्टी एकदम जमून येतात. उन्हात दिसावं म्हणून स्क्रीन पूर्ण उजेडावर. जीपीएस चालू. कॅमेरा चालू. रेंज कमी, म्हणून फोन टॉवरला गाठण्यासाठी जास्त ताकद लावून संदेश फेकतो, आणि त्यालाही वीज लागते. इतकं सगळं एका वेळी चालल्यावर चिप तापते, गळती वाढते, बॅटरीवर आणखी भार येतो.

मग फोन स्वतःला वाचवायला लागतो. तो प्रोसेसरचा वेग आणि व्होल्टेज उतरवतो, स्क्रीन अंधूक करतो, फ्लॅश बंद करतो, चार्जिंग थांबवतो. लोक म्हणतात फोन हँग झाला. खरं तर त्यानं मुद्दाम चाल धरलेली असते. पण इथं एक गोम आहे. वेग उतरल्यानं दर सेकंदाला लागणारी वीज कमी होते, तरी काम लांबतं. दोन मिनिटांचा फोटो अपलोड सहा मिनिटं चालला तर तेवढा वेळ स्क्रीन, जीपीएस आणि गळती चालूच राहते. गार फोन काम झटकन उरकून झोपी जातो, तापलेला फोन रेंगाळत जागा राहतो. बॅटरी जास्त उतरते ती बऱ्याचदा या रेंगाळण्यात.

बॅटरीबद्दल एक गैरसमज आहे. उष्णतेमुळं लिथियम बॅटरीत त्या दिवशी कमी वीज मावते, असं नाही. उलट थंडीत ती कमी चालते. उष्णतेचा घाव वेगळा आहे, तो बॅटरीच्या आयुष्यावर बसतो आणि भरून येत नाही. तापलेला फोन चार्जिंगला लावणं तर सगळ्यात वाईट. ट्रॅक्टरच्या बॉनेटजवळ, मोटारसायकलच्या टाकीवर किंवा बंद गाडीच्या काचेमागं फोन चार्जिंगला ठेवणाऱ्यांची बॅटरी वर्ष-दीड वर्षात फुगली तर नशिबाला दोष देऊ नये.

फोन थंड करून देतो म्हणणारी अ‍ॅपं मिळतात, त्यांचाही इथं उल्लेख करायला हवा. अ‍ॅपला उष्णता बाहेर काढता येत नाही. ती फार तर चालू असलेली दुसरी अ‍ॅपं बंद करतात, आणि ते करताना स्वतः चालतात, जाहिराती दाखवतात. ती काढून टाकल्यानंच फोन जरा थंड राहील. फोन फ्रिजमध्ये ठेवणं किंवा ओल्या फडक्यात गुंडाळणं हे तर नवीन फोन घ्यायचा जवळचा रस्ता. गार झालेल्या फोनच्या आत हवेतलं पाणी धरतं, जसं माठाच्या बाहेरून धरतं.

सेवा केंद्रातला संगणक

गावोगावच्या सेवा केंद्रांत, पतसंस्थांत, ग्रामपंचायतीत जे संगणक आहेत त्यांची गोष्ट थोडी निराळी. तिथं पंखा आहे, प्रोसेसरवर अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांची हीटसिंक आहे. पण त्या पात्यांमध्ये पाच वर्षांची धूळ, शेजारच्या गिरणीचं पीठ आणि दारासमोरच्या रस्त्याचा फुफाटा बसलेला असतो.

एक उदाहरण धरू. प्रोसेसर पूर्ण ताकदीनं चालताना 65 वॅट खातो आणि स्वच्छ हीटसिंकवर दर वॅटला अर्धा अंश चढतो. खोली 25 अंश असेल तर चिप साडेसत्तावन्न अंशांवर राहील. मे महिन्यात पत्र्याखालची खोली 42 अंश झाली तर चिप साडेचौऱ्याहत्तरवर जाईल. इथवर ठीक आहे. आता धुळीमुळं दर वॅटला 0.9 अंश चढू लागला, तर त्याच खोलीत चिप शंभरी गाठते. बऱ्याच प्रोसेसरांची कमाल मर्यादा 100 अंशांच्या आसपास असते. तिथं पोचल्यावर वेग आपोआप उतरतो, आणि तरीही चढत राहिलं तर संगणक धाडकन बंद होतो. अर्ज भरायची शेवटची तारीख, बाहेर तीस माणसं रांगेत, आणि मशीन दर वीस मिनिटांनी बंद पडतंय. लोक साइटला शिव्या देतात. साइट बंद असतेही कधी कधी, पण दर वेळी दोष तिचा नसतो.

वीजबिलात याचा फरक किती? गळती आणि जोरात फिरणारा पंखा मिळून 10 वॅट जादा लागतात असं धरलं, तर रोज 10 तास आणि वर्षाचे 300 दिवस या हिशोबानं 30 युनिट होतात. युनिटला 10 रुपये धरले तर वर्षाला 300 रुपये. म्हणजे बिलासाठी कुणी घाबरायचं कारण नाही. खरं नुकसान वीज गेल्यावर दिसतं. यूपीएसवर जितका भार जास्त तितका वेळ कमी, आणि भारनियमनाच्या दिवसांत अर्धा भरलेला अर्ज जतन करायला मिळणारी पाच मिनिटंसुद्धा मोलाची असतात. शिवाय सतत गरम राहणाऱ्या बोर्डावरचे कपॅसिटर लवकर सुकतात आणि बोर्डच बदलायची वेळ येते.

मोठ्या डेटा सेंटरांनाही हाच प्रश्न

गावातून पाठवलेला व्हिडिओ, बँकेचा व्यवहार, सातबाऱ्याची प्रत, हे सगळं कुठल्या तरी डेटा सेंटरमधल्या हजारो प्रोसेसरांतून जातं. मुंबई आणि नवी मुंबई हा देशातला अशा केंद्रांचा मोठा पट्टा आहे. तिथं संगणकांबरोबर ते थंड ठेवण्यावरही मोठी वीज लागते. हवा किती गार ठेवायची यावर जगभर विचार झालेला आहे. अमेरिकेतली अ‍ॅश्रे ही वातानुकूलन क्षेत्रातली संस्था यंत्रात शिरणाऱ्या हवेसाठी 18 ते 27 अंश सुचवते. हवा फार गार केली तर एसीचं बिल वाढतं. फार गरम राहू दिली तर एसी वाचतो, पण चिपची गळती वाढते आणि आतले पंखे जोरात पळतात. या दोन्हींच्या मधली जागा शोधावी लागते. 2016 मध्ये गूगलनं डीपमाइंडच्या मदतीनं, संगणकाकडूनच ही जागा शोधून घेऊन थंडाव्यावरची वीज 40 टक्क्यांपर्यंत घटवल्याचं जाहीर केलं. फेसबुकनं स्वीडनमध्ये लुलिओ इथं 2013 पासून बाहेरची थंड हवा वापरणारं केंद्र चालवलं आहे. आपल्याकडं ती सोय निसर्गानं दिलेली नाही.

काय करता येईल?

पाहणीचं काम सकाळी दहाच्या आत किंवा ऊन कलल्यावर करावं. शक्य नसेल तर फोन खिशात न ठेवता कापडी पिशवीत, सावलीत न्यावा. बांधावर झाडाखाली थांबून अ‍ॅप उघडावं, खाते आणि गट क्रमांक तिथंच भरून घ्यावेत, आणि फोटोपुरतं उन्हात जावं. कव्हर काढून ठेवावं. रबराचं जाड कव्हर फोनला उन्हाळ्यात घोंगडी पांघरल्यासारखं असतं. त्या वेळी व्हिडिओ, गाणी, हॉटस्पॉट बंद ठेवावं. फोन तापलाच तर स्विच ऑफ करून सावलीत पंधरा मिनिटं वाऱ्यावर ठेवावा. चार्जिंगला लावून परत वापरायची घाई करू नये. पॉवर बँक लावून पाहणी करणारे पुष्कळ आहेत, पण चार्जिंगची उष्णता त्यातच मिळते, म्हणून आधी चार्ज करून मग काढून ठेवलेलं चांगलं.

संगणकाची साफसफाई शक्यतो चैत्र लागायच्या आधी उरकावी. मशीन बंद करून वायर काढावी, डबा उघडावा, मऊ ब्रश आणि हाताच्या ब्लोअरनं पात्यांमधली धूळ काढावी. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवावं, नाहीतर तो भलत्या वेगानं फिरून बिघडतो. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरू नये, त्या हवेत पाण्याचे थेंब असतात. चार-पाच वर्षं झालेल्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट वाळलेली असते. ती माहितगार माणसाकडून बदलून घ्यावी, एक छोटी ट्यूब पुष्कळ होते. डबा भिंतीला चिकटवून ठेवू नये, मागं वीतभर जागा सोडावी. आणि संगणकावर धूळ बसू नये म्हणून घातलेलं प्लॅस्टिकचं कव्हर मशीन चालू करण्याआधी काढायचं असतं, ही गोष्ट अजूनही काही कार्यालयांत सांगावी लागते.